कोचची जोडीदारीण

अराबा टेकी गेली तेव्हा आमच्या अख्ख्या सेकंडी गावात तिच्या मयताचे फलक लागले. मासळी बंदराच्या फाटकावर, मेथडिस्ट चर्चच्या भिंतीवर, अगदी माझ्या शिवणाच्या दुकानासमोरच्या खांबावरसुद्धा. फोटोत ती गळ्यात शिट्टी अडकवून हसते आहे आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, 'अल्पशा आजाराने'. त्या खांबाकडे नजर गेली की माझं डोकं फिरायचं. अल्पसा आजार म्हणे! दोन वर्षं बाई छातीत गाठ घेऊन आमच्या पुढे धावत होती.

मी एफुवा. शाळेचे गणवेश शिवते, आणि कुणी गेलं की घरच्यांचे आणि भजनी मंडळाचे काळे-लाल कपडे. मी अराबाची जोडीदारीण होते. ही जोडीदारीण म्हणजे काय ते सांगतेच, पण त्याआधी ती धावायला कशी लागली ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, ही बया मेलेल्या माणसावर नुसती जळते आहे.

तेव्हा आमच्याकडे बाई धावली तर लोक घाबरायचे. पोर समुद्रात पडलं असेल किंवा बाजारात पोलीस शिरले असतील, एवढीच कारणं. बाईने भरलेलं असावं, गळ्याला वळ्या असाव्यात, म्हणजे नवरा चांगला खायला घालतो असं दिसतं. अराबा तशीच होती. सर्कल बाजारात ती परदेशातून गाठोड्यांनी येणारे जुने कपडे विकायची. आम्ही त्यांना मेलेल्या गोऱ्यांचे कपडे म्हणतो. नवरा रेल्वेत होता. रेल्वेचा धंदा बसला तसा तो शेजारच्या देशात, आबिजानला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. अराबाचं डोकं रोज ठणकायला लागलं, रक्तदाब चढला. त्याच सुमारास एका गाठोड्यात धावायचे बूट निघाले. पुरुषांना लहान, बायकांना नकोत. पडून राहिले तेव्हा हिनेच घातले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना समुद्राच्या रस्त्याने निघाली.

काय हसले लोक! जाळी विणणारे कोळी ओरडायचे, "अराबा, कोण लागलंय गं मागे?"

"तुझी बायको!" ही धावता धावता ओरडायची. "नवरा बदलून मिळेल का विचारतेय!"

तिची आई रडायची. म्हणायची, अशी वाळलीस तर लोक म्हणतील माहेरचेसुद्धा जेवू घालत नाहीत. अराबा वाळली नाही, पण डोकं ठणकायचं थांबलं. मग मासे धुरवणाऱ्या बायका एकेक करून मागे यायला लागल्या, कारण त्यांच्या कमरा कामातून गेल्या होत्या. मी त्यांच्यानंतर आले. तिने ढोलवाले गोळा केले, शिट्टी आणली, गाणी बसवली आणि आम्हा सगळ्यांची कोच झाली. शनिवारी पहाटे ढोल वाजवत आम्ही रस्त्याने निघालो की ट्रकवाले कडेला थांबून हात करायचे. आज या किनाऱ्यावर गल्लोगल्ली बायकांचे कीप-फिट क्लब आहेत. पहिला तिचा. हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

मग आमची डोर्कास गेली. हसरी, धिप्पाड, मोठा आवाज असलेली. तिने छातीतली गाठ पाल्याच्या लेपाखाली दडवली, प्रार्थनेने रोग बरे करतो म्हणणाऱ्या पास्टरच्या तळावर जाऊन बसली, आणि आम्हाला कळलं तेव्हा तिला उचलून आणावं लागलं. अराबा पिसाळल्यासारखी झाली. अकोमा म्हणून एक छोटी संस्था आहे, अशा बायकांना राजधानीत, अक्राच्या मोठ्या रुग्णालयात नेते, औषधं देते. अराबा त्यांच्या दारात जाऊन बसली. तेव्हापासून दर ऑक्टोबरला आमचा क्लब गुलाबी कपड्यांत सेकंडी ते शेजारचं ताकोराडी अशी फेरी काढतो, जे जमेल ते अकोमाला देतो. ते कपडे मीच शिवते.

आणि तेव्हाच तिने जोड्यांचा नियम काढला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी धावून आलं की चर्चच्या सभागृहात जायचं. ढोलवाले बाहेर, दाराला कडी. प्रत्येकीने आपल्या कापडाखाली हात घालून आपली छाती तपासायची. मग जोडीदारीण विचारणार, "बघितलंस?" "बघितलं." "काही आहे?" आणि आपण खरं सांगायचं. दुसरीच्या अंगाला हात लावायचा नाही. आमच्यात ते कुणाला रुचलं नसतं. सगळा कारभार शब्दावर. कोचची जोडीदारीण कोण होणार, तर मी, कारण बाकीच्या तिला घाबरायच्या.

असंच एकदा तिने विचारलं आणि मी म्हटलं, "काही नाही." माझ्या आवाजात काय होतं देव जाणे. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "परत बघ." मी परत बघितलं. आहे म्हटलं. सोमवारी तिने मला अक्राच्या बसमध्ये कोंबलं. माझा डावा स्तन काढला तेव्हा ती बाहेर होती. औषधांनी मला ओकाऱ्या व्हायच्या, तेव्हा भांडं तिने धरलं. "ओक, ओक," म्हणायची, "तुझ्या हातचं शिवण इतकं वाईट नाही की त्यापायी तुला मरू द्यावं." हे मी विसरलेली नाही. विसरले असते तर आज एवढा संताप आला नसता.

पण त्याच बाईने परत आल्यावर सगळ्यांसमोर काय सांगितलं ते ऐका. "एफुवा शनिवार चुकवायची," म्हणाली. "म्हणून धरलं तिला. धावणाऱ्या बाईच्या अंगाला हा रोग शिवत नाही." मी तिथेच उभी होते. ब्लाउजच्या डाव्या बाजूला सावरीच्या कापसाची उशी घालून, जी मी स्वतः शिवली होती. मी वर्षातून दोनदा, तेही शाळा सुरू व्हायच्या गर्दीत, शनिवार चुकवला असेल. मी गिळलं ते. भांडं धरणाऱ्या बाईशी कसं भांडायचं? आणि बायकांना ते पटलं. तशा त्या आणखी जोराने धावायला लागल्या.

तर पुढची सगळी वर्षं मी दर महिन्याला तिला विचारत आले. बघितलंस? बघितलं. काही आहे? काही नाही. तिने माझा खोटा आवाज ओळखला होता. मला तिचा ओळखता आला नाही, किंवा ती माझ्यापेक्षा सराईत होती.

शेवटच्या महिन्यात ती शिट्टी दुसरीच्या हाती देऊन बसून राहायला लागली. पाठ धरली म्हणे. मग यायचीच बंद झाली. मी दुपारी तिच्या घरी गेले. अंग भाजून निघेल असा उकाडा आणि ही जाड कापड गळ्यापर्यंत लपेटून बसलेली. खिडक्या सताड उघड्या, टेबलावर कापलेली लिंबं, खोलीभर अत्तर शिंपडलेलं. त्या सगळ्याखाली एक वास होता. अक्राच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती, उशिरा आणलेली. तोच वास.

"बघितलंस?" मी विचारलं.

"बघितलं."

"काही आहे?"

"काही नाही."

माझ्या तोंडावर! मी पुढे झाले आणि कापड ओढलं. जे दिसलं ते मी सांगणार नाही.

"कधीपासून?"

"सोड ते कापड, एफुवा."

"कधीपासून, विचारतेय!"

"दोन पावसाळे झाले."

"आणि मी दर महिन्याला काय भिंतीला विचारत होते?"

"मग काय सांगू?" तिचा आवाज चढला. "एवढ्या बायकांना ओरडून सांगितलंय, धावा, धावलात तर हा रोग शिवणार नाही. मलाच शिवला म्हटल्यावर शनिवारी कोण आलं असतं? क्लब मोडला असता. अकोमाची फेरी बंद पडली असती."

"मला झाला तेव्हा नाही मोडला क्लब!"

"तुझं वेगळं होतं. तू तर..."

"शनिवार चुकवायची. बोल ना, बोल. आता का जीभ अडकली?"

तिने कापड परत गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस." मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. दार आपटून निघाले. मी अकोमाच्या नर्सला घेऊन दुसऱ्या दिवशी गेले तर अराबाच्या धाकट्या बहिणीने, मान्साने, उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. त्याच आठवड्यात अराबा गेली.

आमच्याकडे मयत घराण्याचं असतं. नवरा, मैत्रीण, क्लब, कुणाला त्यात विचारत नाहीत. अराबाला शवागारात ठेवलं, फलक छापायला गेले, मंडपवाले ठरले. आठव्या दिवशी लोक बसायला जमले तेव्हा मान्सा माझ्याकडे न बघता मोठ्याने म्हणाली, "एकीचा आजार गेला आणि दुसरीचा जीव गेला. आजार काय हवेत विरतो होय? कुणीतरी तो कुणाच्या तरी अंगावर ढकलतं." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मान्साने स्वतःच्या हाताने बहिणीला आंघोळ घातली होती. तिने सगळं बघितलं होतं. तरी रोगाचं नाव लपवायचं आणि दोष माझ्या माथी मारायचा! दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात येणाऱ्या बायका माप द्यायला उंबऱ्याच्या आत येईनात. बाहेरूनच हात वर करून उभ्या राहायच्या.

यात अराबाचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. तिचाच दोष. तिने एक शब्द तोंडातून काढला असता तर माझ्यावर हे आलं नसतं.

क्लबच्या वतीने श्रद्धांजली मी वाचायची हे ठरलेलं होतं, कारण जोडीदारणीनेच वाचायची. घराण्याचे मोठे कोबिना मामा माझ्याकडे आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, खांद्यावरचं कापड कधी न घसरू देणारे, आवाज कधी न चढवणारे.

"मुली, छान लिही," म्हणाले. "शिट्टी लिही, धावणं लिही, ऑक्टोबरची फेरी लिही. आजाराचं नाव तेवढं नको. तिच्या भाच्या लग्नाच्या आहेत. रक्तातलं आहे म्हणतील."

"मामा, भाच्या आहेत म्हणूनच सांगायला हवं."

"मयत कुणाचं?"

"घराण्याचं."

"मग झालं तर," म्हणाले आणि माझ्या दुकानातलं पाणी पिऊन, मला आशीर्वाद देऊन गेले.

मी लिहिलं. त्यांना हवं तसं लिहिलं, कारण तोपर्यंत मला वाटत होतं, मेलेली बाई, जाऊ दे. पण मग आजोआ एसेलचं कानावर आलं. आजोआ बसतळाजवळ तळलेले मासे आणि केंकी, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकते. माझ्याहून बरीच लहान, पदरात दोन मुलं. कोच गेल्यापासून क्लबला येत नव्हती. तिची जोडीदारीण माझ्या कानात म्हणाली, आजोआला गाठ आहे आणि ती कुणाचं ऐकत नाही. मी गेले तिच्याकडे.

"शनिवारी का येत नाहीस गं?"

"वेळ नाही, आंटी."

"गाठ आहे ना तुला?"

तिने कढईतला मासा उलटला. मग दुसरा उलटला, ज्याला अजून उलटायची गरज नव्हती. "कोचसारखी कोच वाचली नाही," म्हणाली. "मी कुठली वाचते? पास्टरनी उपास सांगितलाय, तो करतेय."

"मी वाचले की!"

"तुमच्याबद्दल लोक वेगळंच बोलतात, आंटी. मी नाही बोलत. पण लोक बोलतात."

"मग माझ्या हातचं काळं-लाल का घालणारेस मयताला?"

"पैसे आगाऊ दिलेत," आजोआ म्हणाली आणि मला एक मासा कागदात बांधून दिला.

घरी येईपर्यंत मी तो मासा खाल्लासुद्धा नाही, एवढी मी भडकले होते. अराबाचं खोटं अजून चालतंच होतं. बाई शवागारात गार पडली होती आणि तिचं खोटं गावभर हिंडत होतं. आता ते आजोआला घेऊन जाणार होतं.

शनिवारी मंडप भरला. क्लबच्या बायका काळ्या-लाल कपड्यांत, ढोल वाजवत, धावतच आल्या आणि शवपेटीभोवती फेरी मारून ओळीत उभ्या राहिल्या. रडू आवरणं कठीण होतं. मलाही आलं. माझं नाव पुकारलं. मी ध्वनिक्षेपकासमोर गेले, शिट्टी वाचली, बूट वाचले, फेरी वाचली. लोक मधूनमधून हुंकार देत होते. मग मी कागद घडी करून ठेवला.

"अराबाला स्तनाचा कर्करोग होता," मी म्हटलं. "मला झाला तोच. मी कापून घेतला, म्हणून मी इथे उभी आहे. तिने लपवला, म्हणून ती त्या पेटीत आहे. मी तिची जोडीदारीण. तिने मला दर महिन्याला खोटं सांगितलं. धावून हा रोग टळतो असं तिने तुम्हाला सांगितलं, तेही खरं नाही. धावा, पण..."

कोबिना मामांनी नुसता हात वर केला. ध्वनिक्षेपक बंद पडला आणि बँडवाल्यांनी भजन सुरू केलं. मान्सा किंचाळत होती, तिला दोघींनी धरलं होतं. मी ओरडून बघितलं, पण तुतारीपुढे माझा आवाज कुणाला ऐकू येणार? तेव्हा मी ब्लाउजमध्ये हात घातला, सावरीची उशी बाहेर काढली आणि डोक्याच्या वर धरली. डावीकडे माझा ब्लाउज सपाट पडला. भर मंडपात, पाद्र्यांसमोर, मामांसमोर. बँड वाजत होता आणि मी तशीच उभी होते. क्लबमधली एकही बाई पुढे आली नाही. ज्यांना मी वीस वर्षं कपडे शिवले, त्या सगळ्या जमिनीकडे बघत होत्या.

रविवारी घराण्याचा निरोप आला. मयताचा अपमान केला, तेव्हा एक मेंढी आणि जिन दारूच्या बाटल्या आणून अराबाची माफी मागायची. मी मेंढी दिली. मुद्दाम हाडकुळी बघून दिली. मामांनी जिन जमिनीवर ओतली आणि अराबाला म्हणाले, हिला क्षमा कर. हिला म्हणजे मला! मी जीभ दाताखाली धरून उभी राहिले.

सोमवारी दुकान उघडायला गेले तर आजोआ पायरीवर बसलेली. शेजारी प्रवासाची पिशवी.

"आंटी, अक्राची बस किती वाजता?"

मी आधी कुलूप काढलं. "जेवून घे आधी," मी म्हटलं. "तिथे दिवसभर रांगेत बसावं लागतं. अकोमाच्या नर्सला मी फोन करते."

"तिला माहीत आहे. कोचने केव्हाच सांगून ठेवलंय."

"कोचला तुझी गाठ माहीत होती?"

"मी सांगितली होती. ख्रिसमसच्या आधी." आजोआ पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. "तिने मला आत नेलं, कडी लावली, आणि कापड सोडून दाखवलं. म्हणाली, बघून घे नीट. लपवलं की असं होतं. तू जा."

मी पायरीवर बसले. ख्रिसमसच्या आधी म्हणजे मी तिचं कापड ओढलं त्याच्या कितीतरी महिने आधी. त्यानंतरही प्रत्येक पहिल्या शनिवारी मी तिला विचारलं होतं.

"मग तेव्हाच का नाही गेलीस?"

"जी स्वतः गेली नाही तिचं काय ऐकायचं?" आजोआ म्हणाली. "परवा तुम्ही ते काढून दाखवलंत तेव्हा वाटलं, ही गेली होती आणि परत आली."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं तुला?"

"मी विचारलं होतं कोचला, तुमचं हे आंटी एफुवाला सांगू का म्हणून. नको म्हणाली. ती मला पाठुंगळी मारून अक्राला नेईल, म्हणाली. पण तू जाशील तेव्हा तिलाच बरोबर ने. आधी तणतण करेल, मग नेईल."

नेलंच असतं मी! पाठुंगळी मारून, फरफटत, तिच्या शिट्टीच्या दोरीने बांधून नेलं असतं, आणि ती आज मला शिव्या देत जिवंत असती. हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणूनच तिने सगळ्या जगात फक्त मलाच फसवलं. मी रडले. आजोआ घाबरून उभी राहिली, तिला वाटलं मी आता येणार नाही.

मी तोंड धुतलं, दुकानाला कुलूप घातलं आणि तिची पिशवी उचलली. बसमध्ये आजोआ माझ्या खांद्यावर झोपली. मी मात्र अक्रा येईपर्यंत मनातल्या मनात भांडत होते. कापड सोडून दाखवायचंच होतं, तर मला का नाही दाखवलंस, अराबा?